लेकीनं चार दिवसांच्या बसटूरवर पाठवलं तर

जावयाला रजा नाही, लेकीच्या ऑफिसात कसलं तरी रिलीज आहे आणि सोलापूर सोडून पाच आठवडे झाले तरी आपल्याला त्यांच्या कॉलनीतलं तळं नि शनिवारचं कॉस्टको नावाचं दुकान यापलीकडं अमेरिका दिसलेली नाही. अशात एका रात्री जेवताना लेक सांगते, "आई, तुमचं दोघांचं बुकिंग केलंय. चार दिवस. लास वेगास, ग्रँड कॅन्यन, सगळं. बसनं." लॉस एंजेलिसच्या आसपास मुलं असलेल्या आईवडलांच्या वाट्याला ही बस कधी ना कधी येतेच. आमच्या वाट्याला दोन वर्षांमागं मे महिन्यात आली. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या तिघी जाऊन आल्या. तिघींनी जायच्या आधी माझ्याकडं येऊन चहा घेत घेत सगळं विचारून घेतलं. चौथीला सांगायच्या आधी म्हटलं, लिहूनच काढावं.

मी सोलापुरात बाळीवेशीत घरून कडक भाकरी नि शेंगा चटणी विकते. आमचे मालक यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, आता घरीच असतात. त्यांचा उजवा गुडघा दुखतो, शिवाय साखर आहे. माझं इंग्रजी कामापुरतं. खालचा सल्ला आमच्याच मापाचा आहे, दरीत उतरून तंबू ठोकणाऱ्या पोरांना त्याचा काही उपयोग नाही.

आधी हिशेब

आपल्याकडं दोन दिवसांत अष्टविनायक करतात ना, तोच प्रकार. दर्शन, प्रसाद, चला बसा, पुढं. फरक एवढाच की इथं दोन गणपतींच्या मधलं अंतर सोलापूर-पुण्याएवढं. पहिल्या दिवशी लॉस एंजेलिस ते लास वेगास, ४३५ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी झायन नि ब्राइस ही दोन नॅशनल पार्कं आणि रात्री पेज नावाचं गाव. तिसऱ्या दिवशी पेजजवळची अँटेलोप कॅन्यन ही अरुंद दरी आणि हॉर्सशू बेंड हे नदीचं वळण, मग ग्रँड कॅन्यन, आणि रात्री उशिरा परत वेगास. चौथ्या दिवशी घर. सगळं मिळून दोन हजार किलोमीटरच्या वर.

परत आल्यावर मी डायरीतल्या वेळा मांडून बघितल्या. बसमध्ये पंचवीस तास गेले होते. दगड, दरी, नदी जे बघायला गेलो, ते बघायला जेमतेम सहा. म्हणून सगळी तयारी त्या सहा तासांसाठी करायची. उतरलो तेव्हा भूक लागलेली, थंडी वाजतेय, लघवीला रांग, फोनची बॅटरी उतरलेली, असं झालं की थांब्याच्या वीस मिनिटांतली पंधरा गेलीच म्हणून समजा.

बुकिंग करताना लेकीला विचारायचं

पहिला प्रश्न: ग्रँड कॅन्यन कुठलं? हे कुणी सांगत नाही. वेगासहून अडीच तासांवर वेस्ट रिम, म्हणजे पश्चिम कडा आहे. ती हुआलापाई आदिवासींची जमीन, नॅशनल पार्कच्या बाहेर. तिथं २००७ साली झालेला स्कायवॉक हा काचेचा पूल आहे, कड्याच्या २१ मीटर पुढं काढलेला. साउथ रिम ही १९१९ पासूनच्या नॅशनल पार्कातली बाजू, वेगासहून साडेचार तास. जाहिरातीत दोन्हीला नुसतं 'ग्रँड कॅन्यन' लिहितात. काचेवर उभं राहायची हौस असेल तर वेस्ट. पण एवढ्या लांब येऊन एकदाच बघणार असाल तर साउथ रिमच घ्या, जाऊन-येऊन चार तास जास्त बसावं लागलं तरी. दरीचा खरा पसारा तिथून कळतो.

दुसरा: दरात काय नाही? सांगितलेला दर म्हणजे बस नि हॉटेल. जेवण नाही, बक्षिशी नाही, पार्कची फी बहुतेक वेळा नाही आणि अँटेलोप कॅन्यनचं तिकीट वेगळं. २०२६ च्या जानेवारीपासून त्यात एक भर पडलीय. ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस धरून अकरा मोठ्या पार्कांत परदेशी पाहुण्याला नेहमीच्या फीवर माणशी १०० डॉलर जास्तीचे, नाहीतर २५० डॉलरचा वर्षाचा पास. तीन पार्क म्हणजे काय होतं ते बघा. हे दरात धरलंय की पार्कच्या दारात मागणार, लेखी विचारून घ्या. आमच्या वेळी हे नव्हतं, तरी वरचे वरचे मिळून मूळ दराच्या निम्मे झाले. बक्षिशी शेवटच्या दिवशी रोखीत गोळा करतात, गाइड नि ड्रायव्हर मिळून. आमच्याकडून रोजचे माणशी १२ डॉलर घेतले. ती ऐच्छिक असते असं तुमचा जावई सांगेल. बसमध्ये पाकीट फिरायला लागलं की ऐच्छिक काय ते कळतं.

तिसरा: सीट ठरलेली की रोज बदलती? ठरलेली असेल तर उजवीकडची मागा. पहिल्या दिवशी सकाळी त्या बाजूला ऊन येतं, येऊ दे. तिसऱ्या दिवशी पेजकडून ग्रँड कॅन्यनला जाताना दरी उजव्या हाताला असते, आणि गाडी थांबायच्या आधीच झाडांमधून ती दिसायला लागते. डावीकडची माणसं उठून आमच्या डोक्यावरून फोटो काढत होती.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर साधा. जुलैत वेगास भट्टी, हिवाळ्यात ब्राइसला बर्फ.

पिशवी

चादर घ्याच. बसचा एसी कमी होत नाही, आम्ही तिनदा सांगून बघितलं. आणि थंडी नुसती एसीची नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून दीडेक हजार फुटांवर. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा सात हजार फुटांवर आणि ब्राइस आठ ते नऊ हजार. मे महिन्यात वेगासला घाम पुसत होतो आणि दुसऱ्या दिवशी ब्राइसला मालक कानटोपी शोधत होते. स्वेटर वर ठेवा, सामानाच्या पोटात गेलेलं काही मिळत नाही. आमच्या पुढच्या सीटवर एक चिनी आजी होत्या. त्यांनी चादरीवरचा मोर उलटून मागची बाजू बघितली, दोन्हीकडं मोर दिसल्यावर नवऱ्याला उठवून दाखवला. मालक दिवसभर खूश.

खाण्याचं सांगते, हा माझा प्रांत. शाकाहारी माणसाची या टूरवर पंचाईत होते, कारण बस थांबते पेट्रोल पंपावर नाहीतर बुफेच्या हॉटेलात. 'व्हेज' म्हटलं की मान हलवतात आणि सूप कोंबडीचं निघतं. तेव्हा "नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग" असं एकेक मोजून सांगा. मेक्सिकन ठिकाणी राजम्यासारखी उसळ भरलेली पोळी मिळते, चांगली असते, पण काही ठिकाणी ती उसळ डुकराच्या चरबीत शिजवतात. 'लार्ड' हा शब्द पाठ करून ठेवा आणि आधी विचारा.

नाहीतर कडक भाकरी. तव्यावर शेकून झाली की कापडाच्या बोळ्यानं दाबत मंद आचेवर सुकवायची, वाकता वाकेनाशी झाली की झाली. पाणी उरलेलं नसतं म्हणून महिना सहज टिकते. भाकरीच्या मापाचा स्टीलचा डबा घ्या, दोन-दोन भाकऱ्यांमध्ये कागदी रुमाल घाला आणि वर राहिलेल्या जागेत नॅपकिन असा कोंबा की डबा हलवला तरी आवाज येता कामा नये. आवाज आला तर पोचेपर्यंत चुरा. आम्ही सोलापुरातनं नेल्या होत्या. अमेरिकेत उतरताना 'खाण्याचं काही आहे का' या प्रश्नाला सरळ 'हो' म्हणा. भाजलेलं, सुकं, ज्वारीचं नि शेंगदाण्याचं आहे, मांस नाही, ताजं फळ नाही, बी-बियाणं नाही. आमचा डबा उघडून बघितला, वास घेतला, परत दिला.

बसमध्ये भाकरी मोडताना पिशवीच्या आत हात घालून मोडा. कट्कन आवाज होतो आणि चुरा चार सीटवर उडतो. हॉटेलच्या नाश्त्याला साध्या दह्याचे छोटे डबे ठेवलेले असतात, त्यातला एक उचलायचा, दोन चमचे शेंगा चटणी घालायची. साखरेच्या माणसाला तर हे वरदान, कारण गाइडचं 'लंच' कधी अकराला असतं, कधी अडीचला. मालकांच्या गोळ्या, बिस्किटं नि दोन भाकऱ्या कायम माझ्या खांद्याच्या पिशवीत. औषधं बसच्या पोटातल्या बॅगेत टाकायची चूक आमच्या गल्लीतल्या एकीनं केली. बस झायनला, गोळ्या तळाला, आणि ड्रायव्हर जेवायला गेलेला.

एक रिकामी पाण्याची बाटली वेगळी ठेवा, स्वच्छतागृहासाठी. तिथं कागदच असतो. यावर जास्त लिहीत नाही, कळणाऱ्याला कळलं. बसच्या मागं एक संडास असतो, पण गाइड पहिल्याच दिवशी सांगतो की तो अडीनडीलाच. तेव्हा बस थांबली की गरज असो नसो, आधी जाऊन यायचं.

घड्याळ

आमचा गाइड दहा मिनिटं चिनीत बोलायचा आणि मग इंग्रजीत दोन वाक्यं. काही जण त्यावर चिडले. आपल्याला त्याचं काय? आमच्या गल्लीत नळाचं भांडण तेलुगूत सुरू होतं, कन्नडमध्ये वाढतं नि मराठीत मिटतं. न कळणारं बोलणं चालू असताना कामाचं तेवढं उचलायची सवय आपल्याला आहेच. त्या दहा मिनिटांतलं कामाचं म्हणजे परत यायची वेळ. उतरताना गाइडच्या समोर फोन धरून "टाइम?" विचारा, त्यानं सांगितलेला आकडा त्याच्या देखत लिहा आणि परत दाखवा. बसच्या नंबर प्लेटचा फोटो काढा. कॅन्यनच्या पार्किंगला तसल्याच पांढऱ्या वीस बस उभ्या असतात.

आता वेळेचा गोंधळ. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया, नेवाडा आणि ॲरिझोना यांचं घड्याळ एकच असतं. युटा, म्हणजे झायन आणि ब्राइस, एक तास पुढं. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढं करत नाही. पण त्याच ॲरिझोनाच्या आतली नावाहो आदिवासींची जमीन मात्र करते. पेज गाव ॲरिझोनाच्या वेळेवर, गावाची वेस ओलांडली की नावाहोंची वेळ. आणि आपला फोन? ज्या टॉवरची रेंज मिळेल त्याचं ऐकतो.

पेजला गाइडनं पावणेसहाला खाली यायला सांगितलं होतं. मी फोनचा गजर लावला, मालकांना उठवलं, त्यांनी थंड पाण्यानं तोंड धुतलं, बॅगा ओढत लॉबीत आलो. दिवे बंद, नाश्त्याच्या दाराला कुलूप. काउंटरवरच्या पोरीनं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, पावणेपाच. फोन रात्रीत नावाहो झाला होता. मालक काही बोलले नाहीत. त्यांनी डबा उघडला नि अंधारात भाकरी मोडली, त्या आवाजानं पोरगी दचकली. फोनची आपोआप बदलणारी वेळ बंद करा किंवा साधं मनगटी घड्याळ न्या आणि रोज रात्री गाइडच्या घड्याळाला लावा. मालकांच्या जुन्या एचएमटीनं पुढचे दोन दिवस काढले.

वेगास

वाटेत मोहावीचं वाळवंट. बेकर नावाच्या गावात १३४ फूट उंचीचा थर्मामीटर उभा केलाय, कारण जवळच्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ ला १३४ फॅरनहाइट नोंदलं गेलं. सेल्सिअसमध्ये ५६.७. आपण ४४ ला 'आज पेटलंय' म्हणतो.

लास वेगास याचा स्पॅनिशमध्ये अर्थ कुरणं. आता कुरण म्हणाल तर माणसांचं. नेवाडात १९३१ साली जुगार कायदेशीर केला, त्याच वर्षी जवळच हूव्हर धरणाचं काम सुरू झालं आणि हजारो कामगार आले. हे गाव समजायला आपल्याला अवघड जात नाही, कारण आपण गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत, वाढलोय. संक्रांतीला होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, रिंग फेकायचा स्टॉल, भोंगे. ते बारा महिने, रात्रंदिवस, सात किलोमीटर लांब आणि एसीत. झालं वेगास.

आमचं हॉटेल कॅसिनोच्या वर होतं. तिथं बरीचशी तशीच असतात. लिफ्टपर्यंत जायचं तर कॅसिनोतनंच जावं लागतं, आणि वाट मुद्दाम वळणावळणाची. खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही, सिगारेटचा वास. आत शिरताना वरच्या पाट्यांचा एक फोटो काढून ठेवा, रात्री खोली शोधताना लागतो. एकवीस वर्षांखालच्यांना खेळता येत नाही, तिथं रेंगाळताही येत नाही. नातू बरोबर असेल तर सरळ चालत राहा.

खेळावं का? हौसेपुरतं खेळा, पण आधी गणित बघा. रूलेटच्या चाकाला ३८ घरं. एक ते छत्तीस, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. एका आकड्यावर डॉलर लावला आणि तो आला तर ३५ मिळतात, आपला एक परत, हातात ३६. आता अडतीसही घरांवर एकेक डॉलर लावून बघा. कुठला तरी आकडा येणारच. ३८ गेले, ३६ आले. म्हणजे शेकडा सव्वापाच डॉलर टेबलाचे, दर फेरीला, कुणी फसवत नसताना. माझ्याकडून एखाद्या दुकानदारानं ३८ भाकऱ्या उचलून ३६ चे पैसे दिले असते तर मी दुसऱ्या दिवशी त्याला दारात उभं केलं नसतं. तीन शून्यांचंही चाक असतं, त्याच्या जवळ जाऊ नका. गड्ड्यावर साबणाच्या वडीवर रिंग टाकायचो तेव्हा रिंग वडीवर जेमतेम बसायची. ते निदान डोळ्यांना दिसायचं.

आम्ही वीस डॉलर वेगळ्या पाकिटात घातले आणि तेवढेच. मालक एका यंत्रापुढं बसले. वर 'एक सेंट' लिहिलेलं, पण एकदा बटण दाबलं की पन्नास सेंट जातात, कारण एका वेळी पन्नास ओळींवर खेळायला लावतं. चाळीस वर्षं मागाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस, कान लावून बसला. थोड्या वेळानं म्हणाले, "धागा तुटला की माग थांबतो. हे थांबतच नाही की." उठले तेव्हा चार डॉलर पंधरा सेंट उरले होते. यंत्र पैसे देत नाही, चिठ्ठी देतं. ती दुसऱ्या यंत्रात घातली की रोख मिळतात. मालकांनी चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. ती अजून बाळीवेशीतल्या आमच्या कपाटात आहे, रेशनकार्डाच्या मागं. तुम्ही उठल्या उठल्या रोख करा.

गाइड रात्रीच्या फेरीचे माणशी तीसेक डॉलर मागतो. नका देऊ. चांगलं ते बाहेर फुकट आहे. बेलाजिओ हॉटेलपुढच्या तळ्यातली कारंजी रात्री आठनंतर दर पंधरा मिनिटांनी गाण्यावर नाचतात. कठड्याला जागा धरून दोन फेऱ्या बघा. स्फियर नावाचा ११२ मीटर उंच गोळा २०२३ साली सुरू झाला, त्याच्या अंगावर बाहेरून चित्रं हलत असतात, कधी डोळा, कधी चंद्र. आत जायला तिकीट, बाहेरून बघायला नाही. व्हेनेशियन हॉटेलात छताखाली कालवा नि होड्या आहेत. मात्र समोर दिसणारं हॉटेल जवळ नसतं. 'ते काय समोरच' म्हणत आम्ही चाळीस मिनिटं चाललो, नि गुडघ्यानं दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब मागितला. त्या रस्त्यावर रात्रंदिवस दुमजली सिटी बस चालते, ड्यूस नावाची, ती धरा. पिसं लावलेल्या बायका किंवा कार्टूनचे मुखवटे घातलेली माणसं फोटोला बोलावतील. फोटो काढला की पैसे. साडेदहाला खोलीत. सकाळी साडेसहाला बस सुटते आणि जागरण केलेली माणसं झायनमध्ये घोरत असतात, मी मोजली.

दगड

झायनला आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली. तिथं डोकं वर करून बघायचं, बाकीच्या ठिकाणी खाली. पुढं १९३० साली झालेला पावणेदोन किलोमीटरचा बोगदा लागला. समोरची वाहतूक थांबवून आमची बस मधोमध नेली. मोठ्या गाड्यांवर तिथं आता बंधनं आहेत, तेव्हा तुमची बस त्या वाटेनं जाते का विचारा. गेली तर पलीकडं एक पांढुरका डोंगर आहे, त्यावर आडव्या-उभ्या रेघा अशा की चौकड्याची चादर वाळत घातलीय.

ब्राइस माझ्या सगळ्यात मनात राहिलं. नाव कॅन्यन, पण नदीनं कोरलेली दरी नव्हे. वर्षातले निम्मे दिवस तिथं रात्री पाणी गोठतं नि दिवसा वितळतं. फटीत शिरलेलं पाणी बर्फ होताना फुगतं, दगड फोडतं, आणि उरतात ते सुळके. केशरी, गुलाबी, पांढरे, हजारोंनी. तिथले पायूट आदिवासी म्हणायचे, ही माणसंच होती, वागली वाईट म्हणून त्यांचे दगड झाले. वरून बघितलं नि मी मालकांना म्हटलं, सिद्धेश्वरांच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला बाराबंदी घालून माणसं उभी असतात तसंच की हे. सगळी एकाच दिशेला तोंड करून, खांद्याला खांदा, नि कुणीतरी अक्षता टाकायची वाट बघतंय.

खाली उतरणारी पायवाट मोहात पाडते. उतरू नका. आठ हजार फुटांवर परत चढताना दम लागतो आणि सव्वा तासात जमत नाही. सनसेट पॉइंट ते सनराइज पॉइंट कड्याकडेनं अर्ध्या मैलाची जवळपास सपाट, बांधलेली वाट आहे. ती चालत जा, मध्ये बाक आहेत.

अँटेलोप कॅन्यन नावाहोंची. त्यांच्या गाइडशिवाय आत सोडत नाहीत, पिशवी नेऊ देत नाहीत. अप्पर आणि लोअर असे दोन भाग. गुडघेवाल्यांनी अप्पर घ्यावा, आत वाळूची सपाट वाट आहे. लोअरमध्ये उभ्या लोखंडी शिड्या उतरायच्या. भिंती इतक्या जवळ की दोन्ही हात लागतात, आणि वरून येणारं ऊन दगडावर सांडत खाली येईपर्यंत केशरी होतं. हे सगळं पुराच्या पाण्यानं घासलेलं आहे. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअरमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस तिथं नव्हताच, काही मैल वर पडला होता. पंढरपुरात आभाळ कोरडं असताना पुण्याकडच्या पावसानं उजनी भरते नि चंद्रभागेला पूर येतो, हे बघितलेल्या माणसाला ते समजावून सांगायला लागत नाही. पावसाचं कारण सांगून फेरी रद्द केली तर वाद घालू नका. हॉर्सशू बेंडला जाऊन-येऊन अडीच किलोमीटर चालायचं, सावली नाही. टोपी, पाणी. कठडा थोड्याच भागाला आहे आणि कडा तीनशे मीटरचा. मागं मागं सरकत सेल्फी काढणाऱ्यांपासून लांब उभं राहा.

मग ग्रँड कॅन्यन. बस पूर्वेकडून आली तर आधी डेझर्ट व्ह्यू. तिथं १९३२ साली मेरी कोल्टर या बाईनं उभारलेला दगडी मनोरा आहे. वर चढायच्या रांगेत वेळ घालवू नका, मनोऱ्याच्या पलीकडं कठड्याशी जा. खाली कोलोरॅडो नदी दिसते, सुतळीएवढी. दरी ४४६ किलोमीटर लांब, कुठं कुठं २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून खोल. नदीनं ती पन्नास-साठ लाख वर्षांत कापली असं मानतात. पण तळाचा दगड पावणेदोनशे कोटी वर्षांचा. आपल्या सोलापूरच्या पायाखालचा काळा दगड साडेसहा कोटींचा, म्हणजे कालचा.

आणि त्या तळाच्या दगडाचं नाव विष्णू. खरंच, 'विष्णू शिस्ट'. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भ अभ्यासकानं १८८० च्या सुमारास तिथल्या सुळक्यांना पूर्वेकडच्या देवांची नावं द्यायला सुरुवात केली. आता नकाशात विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल, शिवाय बुद्ध नि झोरोॲस्टरही आहेत. कठड्याजवळच्या पाटीवर बोट फिरवत मी मालकांना वाचून दाखवलं. त्यांनी चप्पल काढली, नि मग माझ्याकडं बघून घातली.

आम्ही बाकावर बसून भाकरी काढली. मोडल्याचा आवाज झाला मात्र, एक तपकिरी खार थेट बाकाखाली. गोड दिसते, पण तिथल्या खारी चावतात आणि त्यांना खायला घातलं तर दंड होतो. पार्कच्या पाट्यांवरच लिहिलंय. मालकांनी तुकडा खाली धरलेला हात मी ओढला. चुराही सांडू नका, पिशवीतच मोडा, बसमध्ये सांगितलं तसंच. शेवटची दहा मिनिटं फोटो नाही, बोलणं नाही, असं आधीच ठरवून ठेवा. ढगाची सावली एका सुळक्यावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागतो ते मालकांनी एचएमटीवर मोजलं, सहा मिनिटं.

चौथ्या दिवशी हूव्हर धरणावर वीस मिनिटं. २२१ मीटर उंच. मागच्या लेक मीडच्या काठच्या दगडावर पांढरा पट्टा दिसतो, पाणी पूर्वी कुठवर होतं त्याची खूण. सोलापूरकरानं धरण बघितलं की एकच विचारायचं, मीही विचारलं, "किती टक्के?" गाइडला कळेना. तिथं पाणी फुटात सांगतात. उजनी उन्हाळ्यात वजा टक्क्यांत जाते हे मी त्याला समजावायला गेले, तेवढ्यात वेळ संपली.

परतीच्या वाटेवर फळं असतील तर संपवून टाका, कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर तपासणी नाका आहे. बक्षिशीची सुटी नोटं आदल्या रात्रीच वेगळी काढा. जावयाला न्यायला यायची वेळ सांगताना दोन तास पुढची सांगा, लॉस एंजेलिसच्या वेशीवर ट्रॅफिक लागतोच.

डबा रिकामा आला. दोघांना चौदा भाकऱ्या नेल्या होत्या, चार त्या चिनी आजींनी खाल्ल्या. आता विचारायला येणारीला मी वीस बांधून देते. चादर एकच पुरते, दोघांच्या मांडीवर आडवी टाकायची नि खिडकीकडचं टोक सीटच्या फटीत खोचायचं, नाहीतर मालक झोपेत ओढून घेतात.